पाणी धरून ठेवायची विद्या : पहिल्या महायुद्धातल्या लढाऊ विमानांची वॉटर-कूल्ड इंजिनं

कोरबॉक्स

नमस्कार मंडळी,

मी कोल्हापूरचा. शिरोलीच्या एमआयडीसीत ओतकामात तीस वर्षं गेली, त्यातली बरीचशी कोर शॉपमध्ये, म्हणजे ओताच्या आत पोकळी राहावी म्हणून साच्यात ठेवायचे वाळूचे आकार (कोर) बनतात तिथे. गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे ॲल्युमिनियमच्या सिलिंडर हेडची एक लॉट लीक टेस्टला नापास झाली. हेडची सगळी तोंडं रबर लावून बंद करायची, आत हवा भरायची आणि हेड पाण्याच्या टाकीत बुडवायचं, अशी ही तपासणी. चांगल्या हेडमधून काहीच येत नाही. या हेडच्या एक्झॉस्ट पोर्टखालच्या भिंतीतून मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक वर येत होते. बाहेर काढून पुसलं, टॉर्च मारला, बोट फिरवलं, तरी भोक कुठे दिसेना. अर्धी लॉट पुन्हा भट्टीत गेली.

त्याच सुमारास रात्री जुन्या इंजिनांबद्दल वाचत होतो, तेव्हा कळलं की हेच बुडबुडे १९१५ साली बार्सिलोनातही लोकांना छळत होते आणि तिथे तर युद्धाची घाई होती. तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही, म्हणून धागा काढतोय.

मार्क बिर्किग्त हा मूळचा जिनिव्हाचा, बार्सिलोनाच्या हिस्पानो-सुइझा मोटार कंपनीचा मुख्य अभियंता. युद्ध सुरू झाल्यावर त्याने विमानासाठी व्ही-८ इंजिन आखलं, म्हणजे चार-चार सिलिंडरांच्या दोन ओळी व्ही आकारात. तोवर पाण्याने थंड होणाऱ्या विमान-इंजिनाची रूढ रीत अशी होती की प्रत्येक सिलिंडर सुटा, पोलादाचा, आणि त्याच्याभोवती पातळ पत्र्याचं जॅकेट, म्हणजे पाणी खेळवायचं वेष्टण, वेल्ड केलेलं. सहा सिलिंडर म्हणजे सहा जॅकेटं आणि त्यांना जोडणाऱ्या नळ्या, म्हणजे गळायला पन्नास जागा. बिर्किग्तने चार सिलिंडरांची अख्खी ओळ एकाच ॲल्युमिनियमच्या ओतीव ठोकळ्यात बसवली. हेड, पोर्ट, पाण्याच्या वाटा सगळं एका ओतात. त्यात पोलादी नळकांडी आटे पाडून स्क्रूसारखी फिरवून बसवली. वर कॅमशाफ्ट आणि त्यावर तेलबंद झाकण. त्या काळच्या इतर इंजिनांचे व्हॉल्व्ह आणि स्प्रिंगा उघड्यावर नाचत असत. हे इंजिन बाहेरून पेटीसारखं गुळगुळीत दिसे.

१२० मिमी बोअर (सिलिंडरचा आतला व्यास), १३० मिमी स्ट्रोक (पिस्टनची धाव), ११.७६ लिटर, सुरुवातीला १४०-१५० अश्वशक्ती, वजन दोनशे किलोच्या आसपास. एक ठोकळा चार सिलिंडरांना आधार देतो, म्हणून क्रँककेसवर, म्हणजे क्रँकशाफ्टभोवतीच्या पेटीवर, ताण कमी येतो आणि सगळं इंजिन हलकं होतं.

पण ॲल्युमिनियमचा रस थिजताना वायू सोडतो आणि भिंतीत सुईच्या टोकाएवढ्या पोकळ्या ठेवून जातो. त्या एकमेकींना जोडल्या गेल्या की पाणी पाझरतं. यावर त्यांनी उपाय काढला तो वाचून मी थक्क झालो. ठोकळ्याला आतून-बाहेरून एनॅमलचा लेप देऊन तो भट्टीत भाजायचा! आज आम्ही अशा पोकळ्या राळ शोषवून बुजवतो, व्हॅक्यूममध्ये. तत्त्व तेच.

या एका घराण्याची जवळपास पन्नास हजार इंजिनं निघाली, कितीतरी कारखान्यांत, कितीतरी देशांत. फ्रेंचांचं स्पॅड आणि ब्रिटिशांचं एस.ई.५ए ही दोन्ही विमानं याच इंजिनाभोवती बांधली गेली.

माझं म्हणणं एवढंच आहे. विमानांच्या इतिहासात पंख, मशीनगन आणि वैमानिक यांच्याबद्दल भरभरून लिहिलं जातं. पण त्या चार वर्षांत इंजिनाची खरी झुंज सिलिंडरभोवती पाणी कसं धरून ठेवायचं याच्याशी होती, आणि ती ओतकामाच्या शेडमध्ये आणि वेल्डिंगच्या टेबलावर लढली गेली. जाणकारांनी भर घालावी, चुकलं तर सांगावं.

आंबोलीचा_पाऊस

फार सुंदर लिहिलंय. एनॅमलची गोष्ट पहिल्यांदाच ऐकली. एक प्रश्न : मग पहिल्या विमानांना पाणी लागतच नव्हतं का? राइट बंधूंचं इंजिन हवेने थंड व्हायचं ना?

कोरबॉक्स

नाही, तेही पाण्याचंच. १९०३चं राइट बंधूंचं इंजिन त्यांच्या दुकानातल्या चार्ली टेलरने बनवलं. आडवे चार सिलिंडर, सुमारे १२ अश्वशक्ती, क्रँककेस ॲल्युमिनियमची ओतीव. म्हणजे पहिल्या उड्डाणातच ओतकामवाल्यांचा हात आहे, हे मला फार मोलाचं वाटतं. १९०९ साली अमेरिकेच्या लष्कराने राइट बंधूंकडून जे विमान घेतलं त्याचंही इंजिन पाण्याचंच होतं.

युरोपात लेऑन लव्हाव्हासरचं ‘आंत्वानेत’ व्ही-८ होतं. भांडवल पुरवणाऱ्या गृहस्थांच्या मुलीचं नाव इंजिनाला दिलेलं. सांतोस-द्युमाँने नोव्हेंबर १९०६ मध्ये पॅरिसला २२० मीटर उड्डाण केलं ते याच इंजिनावर. याची पाण्याची जॅकेटं वेल्डही केलेली नव्हती आणि ओतलेलीही नव्हती. विजेच्या प्रक्रियेने सिलिंडरभोवती तांब्याचा थर चढवून ती तयार केली होती. आणि आंत्वानेतच्या एकपंखी विमानात पाण्याची वाफ होऊ देत, मग ती वाफ विमानाच्या दोन्ही अंगांना लावलेल्या नळ्यांमध्ये निववून परत पाणी करत. कल्पना नामी होती. पण जुलै १९०९ मध्ये ह्युबर्ट लॅथम इंग्लिश खाडी ओलांडायला निघाला, तेव्हा हेच इंजिन मध्येच बंद पडलं आणि विमान समुद्रात उतरवावं लागलं. सहाच दिवसांनी ब्लेरिओ पलीकडे पोहोचला, हवेने थंड होणाऱ्या तीन सिलिंडरच्या आंझानीवर.

भिरभिरं

कोरबॉक्स साहेब, लेख आवडला, पण रोटरीवाल्यांची बाजूही मांडायला हवी. मी लहानपणापासून सॉपविथ कॅमल या ब्रिटिश लढाऊ विमानाच्या प्रेमात आहे. १९०९ मध्ये सेगँ बंधूंचं नोम इंजिन आलं, सात सिलिंडर, ५० अश्वशक्ती. क्रँकशाफ्ट विमानाला घट्ट बांधलेला आणि अख्खं इंजिन पंख्यासकट गरगर फिरतं. रेडिएटर नाही, पंप नाही, नळ्या नाहीत, पाण्याचं वजन नाही. गोळी लागून पाणी सांडलं आणि इंजिन जाम झालं, अशी भीती नाही. कॅमल, निऊपोर, फोकरचं तीनपंखी, सगळी रोटरीवरची. आकाशातल्या झुंजीत कॅमलसारखं वळणारं विमान दुसरं नव्हतं. मग पाण्याच्या इंजिनाचा एवढा गौरव का?

कोरबॉक्स

भिरभिरं, तुमचा मुद्दा १९१६ पर्यंत शंभर टक्के बरोबर आहे. तोवर रोटरी हेच सगळ्यात हलकं आणि सुटसुटीत इंजिन होतं. तुम्ही म्हणता ते वळणंही खरंच, पण उजवीकडे. पुढे फिरणाऱ्या त्या लोखंडी गोळ्याचा गायरोस्कोपसारखा जोर विमानाला एका बाजूला ओढायचा, म्हणून कॅमल शिकता शिकता कितीतरी पोरं गेली.

रोटरीची मर्यादा तिच्या फिरण्यातच आहे. ताकद वाढवायची तर फेरे वाढवावे लागतात किंवा सिलिंडर मोठे करावे लागतात. फेरे वाढवले की हवा घुसळण्यातच ताकद जाते, मोठे केले की तो गोळा अजून जड आणि अजून ओढणारा. शिवाय एरंडेल तेल एकदा इंजिनातून गेलं की गेलंच, धुरासकट वैमानिकाच्या तोंडावर. १९१८ मध्ये बेंटलीच्या रोटरीने अडीचशे अश्वशक्तीच्या जवळ मजल मारली, पण ते त्या जातीचं शेवटचं टोक होतं. त्याच वेळी पाण्याच्या इंजिनांनी चारशे गाठली होती आणि त्यांची वाट पुढे मोकळी होती.

सुमेधा_गुरुजी

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. या धाग्यावरून एक हिशेब मुलांना घालावासा वाटला, तो इथेही देते.

१५० अश्वशक्ती म्हणजे सुमारे ११२ किलोवॅट. एवढं काम पंख्याला मिळतं. पेट्रोल जळून निघालेली उरलेली उष्णता काही धुराड्यातून जाते, काही सिलिंडरच्या भिंतीतून. भिंतीतून जाणारी कमीत कमी धरली, म्हणजे कामाच्या निम्मी, तरी ५६ किलोवॅट होतात. आपल्या न्हाणीघरातला गिझर २ किलोवॅटचा असतो. म्हणजे अठ्ठावीस गिझर एकाच वेळी चालू आहेत आणि त्यांचं सगळं गरम पाणी वैमानिकाच्या नाकासमोर टांगलेल्या एका जाळीत निवायचं आहे.

दुसरी गोष्ट उंचीची. समुद्रसपाटीला पाणी १०० अंशाला उकळतं. महाबळेश्वरला साधारण ९५-९६ ला. साडेपाच हजार मीटरवर हवेचा दाब निम्मा होतो, तिथे पाणी ८१ अंशालाच उकळायला लागतं. १९१८ ची लढाऊ विमानं त्या उंचीवर रोज जात होती. बाहेर कडाक्याची थंडी, वैमानिकाचे हात गोठतायत, आणि इंजिनातलं पाणी मात्र उकळायच्या बेतात! पुढे इथिलीन ग्लायकॉल आलं, जे १९७ अंशाला उकळतं, तेव्हा रेडिएटर लहान करता आले. पण ती नंतरची गोष्ट.

मळ्यातला_माणूस

सुमेधाताई, गिझरचा हिशेब वाचून आमच्या विहिरीवरचं डिझेल इंजिन डोळ्यांपुढं आलं. वीज येण्याआधी आमच्याकडं त्यावरच ऊस भिजायचा. विहिरीतून उपसलेल्या पाण्याचीच एक बारीक नळी इंजिनाला फिरवलेली, थंड पाणी आत जायचं आणि दुसऱ्या बाजूनं कोमट पाणी बाहेर पाटात पडायचं. आमच्या आण्णांनी इंजिनाला मीटर कधी बसवला नाही. येता-जाता त्या धारेखाली हात धरायचे. हाताला सोसतंय म्हणजे बरोबर. चटका बसला की इंजिन बंद. थंडीच्या दिवसांत आम्ही पोरं त्याच धारेखाली अंघोळ करायचो.

एका उन्हाळ्यात विहिरीचं पाणी तळाला गेलं. मी पंधरा-सोळा वर्षांचा, इंजिन माझ्यावर सोपवून आण्णा बाजाराला गेलेले. पाणी कमी झालं, धार बारीक झाली, मग वाफ यायला लागली. मी घाबरून बादलीभर गार पाणी थेट इंजिनावर ओतलं. हेड टणकन वाजलं आणि चिरलं. तो आवाज अजून कानात आहे. आण्णा एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी हेड बैलगाडीत घालून तालुक्याला नेलं.

म्हणून विचारतो, वर आकाशात त्या वैमानिकाला कसं कळायचं? त्याला धारेखाली हात धरता येत नाही.

कोरबॉक्स

आण्णांचा हात हा मी ऐकलेला सगळ्यात चांगला थर्मामीटर आहे. आणि चिरलेल्या हेडचं दुःख आमच्या धंद्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही.

वैमानिकापुढे पाण्याच्या तापमानाचा काटा असायचा, आणि हाताशी रेडिएटरच्या झडपांचा दांडा. एस.ई.५ए आणि ब्रिस्टल फायटरच्या नाकावरच्या रेडिएटरला खिडकीच्या पट्ट्यांसारख्या झडपा होत्या. चढताना ताकद जास्त, वेग कमी, म्हणून झडपा उघड्या. खाली सूर मारताना इंजिन निवांत, वारा जोरात, म्हणून बंद. विसरलं तर वर पाणी उकळायचं, नाहीतर खाली येईपर्यंत इंजिन इतकं गार व्हायचं की ऐन गरजेला ते ताकद देत नसे. लढताना हेही सांभाळायचं.

युरोपातल्या हिवाळ्यात रात्री पाणी काढून ठेवायचं, नाहीतर गोठून जॅकेट फुटणार. सकाळी गरम पाणी ओतून मग इंजिन सुरू करायचं. हे सगळं मेकॅनिक लोकांचं काम, ज्यांची नावं कुठे येत नाहीत.

आणि एक गोष्ट, वाचल्यावर अंगावर काटा आला. जर्मनांच्या अल्बाट्रॉस डी-३ चा रेडिएटर आधी वरच्या पंखात अगदी मधोमध होता. म्हणजे बरोबर वैमानिकाच्या डोक्यापुढे. त्याला गोळी लागली की उकळतं पाणी वाऱ्याने थेट तोंडावर. नंतरच्या विमानांत तो उजवीकडे सरकवला. एवढ्या छोट्या बदलामागे किती चेहरे भाजले असतील!

वाळवंटवारी

धागा वाचून बिकानेर आठवलं. जुनागढ किल्ल्यात पहिल्या महायुद्धाच्या काळातलं डीएच.९ बॉम्बर ठेवलंय. युद्धानंतर ब्रिटिशांनी उरलेली विमानं वसाहतींना भेट दिली, त्यातून महाराजा गंगासिंहांकडे काही आली. बाकीच्यांचे सांगाडे कित्येक दशकं राजवाड्याच्या हत्तीखान्यात पडून होते. ते इंग्लंडच्या एका जीर्णोद्धार करणाऱ्या मंडळींना सापडले. त्यातलं एक आज डक्सफर्डच्या संग्रहालयात आहे, आणि दुसरं दुरुस्त होऊन २०१९ मध्ये उडालंसुद्धा.

मी किल्ल्यात गेलो तेव्हा लोक शस्त्रं आणि पालख्या बघत होते, आणि मी त्या विमानाच्या नाकाशी उभा होतो. लांबलचक, उंच, सहा सिलिंडर एका रांगेत. कोरबॉक्स, हे कुठलं इंजिन? ओतीव की वेल्डचं?

कोरबॉक्स

वाळवंटवारी, तुम्ही माझ्या जिव्हाळ्याच्या जागी बोट ठेवलंत. डीएच.९ चं मूळ इंजिन सिडली ‘प्यूमा’, आणि ओतकामाने युद्धाचं किती नुकसान होऊ शकतं याचं याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही.

डीएच.४ हे फार चांगलं बॉम्बर होतं, रोल्स-रॉइस ईगल इंजिनावरचं. पण ईगल पुरेशी मिळत नव्हती. म्हणून नवीन विमान नवीन इंजिनावर आखलं, ज्यातून ३०० अश्वशक्ती मिळेल असं सांगितलं होतं. इंजिनाचे सिलिंडर ब्लॉक ॲल्युमिनियमचे करायचं ठरलं आणि उत्पादन सुरू झाल्यावर बहुतेक ब्लॉक नापास व्हायला लागले. १९१७ चा उन्हाळा त्यातच गेला. अखेर इंजिन चाललं, पण ते २३० वर उतरवावं लागलं. म्हणजे विमान ज्या ताकदीसाठी आखलं त्याच्या तीन चतुर्थांशावर उडालं. बॉम्ब घेऊन ते धड उंचीवर जाऊ शकत नसे. जुन्या डीएच.४ पेक्षा नवं डीएच.९ कमी प्रतीचं निघालं. त्या विमानांत बसून जी माणसं जर्मनीच्या हद्दीत गेली, त्यांनी या सत्तर अश्वशक्तींची किंमत मोजली.

एखाद्या ब्लॉकचा कोर पातळ असतो, पाण्याची वाट आठ-दहा मिलिमीटर. रस ओतताना तो कोर जरा तरंगला तर एका बाजूची भिंत जाड, दुसऱ्या बाजूची कागदासारखी. बाहेरून काहीच दिसत नाही. आमच्याकडे आजही कोर बसवणाऱ्या माणसाच्या हातावर सगळं असतं. तेव्हा तर ॲल्युमिनियमचे एवढे मोठे, गुंतागुंतीचे ओत ओतायची सवय जगात मोजक्याच कारखान्यांना होती. एकदम हजारो हवेत म्हटल्यावर कुठून आणणार? सनबीमच्या ‘अरब’ व्ही-८ चंही असंच झालं.

डेट्रॉइटकर

इथे अमेरिकेत राहून मी लिबर्टीबद्दल लिहिलं नाही तर चुकेल. मी मोटारीच्या धंद्यात आहे आणि लिबर्टीची गोष्ट आमच्या गावची आहे.

अमेरिका एप्रिल १९१७ मध्ये युद्धात उतरली तेव्हा तिच्याकडे आघाडीवर चालेल असं एकही विमान-इंजिन नव्हतं. कर्टिसचं ओएक्स-५ होतं, पण ते ९० अश्वशक्तीचं, प्रशिक्षणाच्या ‘जेनी’पुरतं. मे महिन्याच्या अखेरीला पॅकार्डचा जेसी व्हिन्सेंट आणि हॉल-स्कॉटचा ई. जे. हॉल या दोघांना वॉशिंग्टनच्या विलर्ड हॉटेलात बसवलं, आणि पाच दिवसांत त्यांनी आराखडा उभा केला. जुलैच्या सुरुवातीला आठ सिलिंडरचा पहिला नमुना तयार होता. मग व्ही-१२ : २७ लिटर, ४०० अश्वशक्ती, दोन ओळींमध्ये फक्त ४५ अंशांचा कोन, म्हणजे नाक अरुंद.

कोरबॉक्स यांच्या मुद्द्याशी जुळणारी गोष्ट ही, की या दोघांनी मुद्दाम ओतीव ब्लॉक टाळला. सुटे पोलादी सिलिंडर आणि वेल्ड केलेली जॅकेटं, जर्मन पद्धतीची. पाच दिवसांत नवीन प्रयोगाला जागा नसते, चालतं ते घ्यायचं. फोर्डने मग जाड पोलादी नळीचे तुकडे तापवून, एक तोंड दाबून बंद करून सिलिंडर बनवायची पद्धत काढली, त्यामुळे ते झपाट्याने आणि स्वस्तात निघायला लागले. पॅकार्ड, लिंकन, फोर्ड, ब्यूक, कॅडिलॅक, मार्मन, सगळे कामाला लागले. लिंकन कंपनी तर हेन्री लीलंडने याच इंजिनासाठी काढली. एकूण वीस हजारांवर लिबर्टी बनली.

आणि डीएच.९ ला शेवटी न्याय मिळाला तो याच इंजिनाने. त्यात लिबर्टी बसवून केलेलं डीएच.९ए उत्तम ठरलं. ते पुढे वायव्य सरहद्दीवर आणि इराकमध्ये रॉयल एअर फोर्सने कितीतरी वर्षं वापरलं. तिथल्या उन्हात पाणी उकळायचं म्हणून नाकाखाली एक जादा रेडिएटर टांगलेला असे.

बव्हेरियन_वारा

मी म्युनिकजवळ राहतो, इंजिनांशीच संबंधित काम करतो. धागा उत्तम आहे, पण कोरबॉक्स, तुम्ही वेल्ड केलेल्या जॅकेटला ‘गळायला पन्नास जागा’ म्हणून एका वाक्यात निकालात काढलंत, ते मला पटलं नाही.

मर्सिडीजचं १६० अश्वशक्तीचं डी-३ घ्या. सहा सुटे पोलादी सिलिंडर, बोअर-स्ट्रोक १४० बाय १६० मिमी, पत्र्याची जॅकेटं, वर एक कॅमशाफ्ट. जर्मनीची बहुतेक लढाऊ विमानं १९१७ पासून शेवटपर्यंत याच इंजिनावर किंवा याच्या सुधारित रूपांवर उडाली, अल्बाट्रॉस काय नि फोकर डी-७ काय. जड होतं, मान्य. पण फक्त १४०० फेऱ्यांवर शांत चालायचं, आणि एक सिलिंडर बिघडला तर तेवढाच बदलायचा. तुमच्या हिस्पानोत एक भिंत गेली की चार सिलिंडरांचा ठोकळा बाद. आघाडीवरच्या तंबूत कोण दुरुस्त करणार?

शिवाय ब्रिटिशांचं सगळ्यात भरवशाचं इंजिन, रोल्स-रॉइस ईगल, हेही याच पद्धतीचं. युद्ध सुरू झालं तेव्हा लंडनच्या शोरूममध्ये मर्सिडीजची ग्रां प्री जिंकलेली शर्यतीची गाडी होती. ती डर्बीला नेऊन खोलून पाहिली गेली. १९१५ मध्ये २२५ अश्वशक्तीवर सुरू झालेलं ईगल १९१८ पर्यंत ३६० ला पोहोचलं, आणि जून १९१९ मध्ये अल्कॉक आणि ब्राउन यांनी न थांबता अटलांटिक ओलांडला तो दोन ईगलवर. सोळा तास पाणी गळलं नाही!

आणि बीएमडब्ल्यू ३ए विसरू नका. माक्स फ्रिट्झने तेच जर्मन सहा सिलिंडरचं रूप घेऊन कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये मिश्रण दाबण्याचं प्रमाण) इतकं वाढवलं की जमिनीजवळ थ्रॉटल पूर्ण उघडायला मनाई होती. दोनेक हजार मीटर वर गेल्यावर उघडायचा. इतरांचा दम जिथे कोंडायचा तिथे हे इंजिन मोकळा श्वास घ्यायचं.

कोरबॉक्स

बव्हेरियन_वारा, मान्य. पूर्ण मान्य. ओतकामाच्या प्रेमापोटी मी वेल्डरवर अन्याय केला. पत्र्याचं जॅकेट तापलं की ताणतं, निवलं की आवळतं, तेही दर उड्डाणाला, आणि तरी शिवण उकलत नाही, हे कारागिराचं मोठंच काम. ईगलचं यश त्या शिवणींचं आहे.

हिस्पानोचं दुखणंही मी सांगायला हवं होतं. आट्यांमधून उष्णता वाहायची ती पोलाद आणि ॲल्युमिनियम एकमेकांना घट्ट चिकटलेले असतील तेवढीच. ॲल्युमिनियम जास्त प्रसरण पावतं, फट पडते, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतात. १५० अश्वशक्तीला खपून गेलं, २०० च्या पुढे दुखायला लागलं. त्यात २०० च्या इंजिनाला पंखा सावकाश फिरावा म्हणून गिअर लावले. काही कारखान्यांतून आलेल्या त्या गिअरचं हार्डनिंग नीट झालेलं नव्हतं. दात तुटायचे. आणि तरीही ती इंजिनं विमानांत बसवावी लागली, कारण दुसरी नव्हतीच. १९१८ च्या सुरुवातीला शेकडो एस.ई.५ए इंजिनाची वाट बघत पडून होती. शेवटी वुल्झलीने गिअर नसलेलं ‘व्हायपर’ काढलं तेव्हा ब्रिटिशांची सुटका झाली.

पण पुढचा रस्ता ओतीव ब्लॉकचाच ठरला, एवढं माझं म्हणणं राखून ठेवतो. कर्टिसचं डी-१२ पाहा. ब्लॉक ओतीवच, पण पाणी थेट पोलादी स्लीव्हला (नळकांड्याला) भिडतं, मध्ये आट्यांचा अडसर नाही. १९२३ ची श्नायडर ट्रॉफी, म्हणजे समुद्रविमानांची शर्यत, त्यानेच जिंकली. ब्रिटिशांनी ते मागवून अभ्यासलं, त्यातून रोल्स-रॉइसचं केस्ट्रेल आलं आणि मग मर्लिन. मर्लिनही २७ लिटरचं, म्हणजे लिबर्टीएवढंच. पण हजार अश्वशक्तीच्या पुढे.

भिरभिरं

मी रोटरी सोडणार नाही, पण तुमचे मुद्दे वाचून हिस्पानोकडे नव्याने बघायला लागलो. त्यात एक भर. त्याच गिअरमुळे पंख्याचा दांडा वर उचलला गेला, इंजिनाच्या मधून बाजूला झाला. मग बिर्किग्तने तो दांडा पोकळ करून त्यातून ३७ मिमीची तोफच डागायची सोय केली. स्पॅड १२. फ्रेंच लढाऊ वैमानिक गीनमेरने ती वापरली. त्याच्या तुकडीचं चिन्ह असलेला करकोचा पुढे हिस्पानो-सुइझाच्या मोटारींच्या नाकावर बसला.

आणि आपल्या इंद्रलाल रॉय या भारतीय वैमानिकाने जुलै १९१८ मध्ये शत्रूची दहाही विमानं एस.ई.५ए वरूनच पाडली. दोन आठवड्यांत दहा. त्याच महिन्यात २२ तारखेला तो गेला, एकोणिसाव्या वर्षी.

गिरगावची_लेक

इंद्रलाल रॉयचं नाव निघालंच आहे तर आपल्या मुंबईच्या मुलाचंही निघावं. श्रीकृष्ण वेलिणकर. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात लढलेल्या चार-पाच भारतीयांपैकी एक. २३ स्क्वाड्रनमध्ये सॉपविथ डॉल्फिन उडवत होते. जून १९१८ च्या अखेरीस जर्मन हद्दीत जखमी होऊन पडले आणि ३० जूनला कैदेतच गेले. फ्रान्समध्ये हँगार्डच्या दफनभूमीत त्यांची कबर आहे.

आमच्या घरी लहानपणी त्यांचं नाव कुणी घेतल्याचं आठवत नाही. मी मोठेपणी वाचलं. डॉल्फिनला कुठलं इंजिन होतं? त्यांच्यापुढे काय काय असायचं, ते कोरबॉक्स सांगतील का?

कोरबॉक्स

ताई, हे मला माहीत नव्हतं. दोन दिवस वाचून मगच लिहितोय.

डॉल्फिनला तेच हिस्पानो होतं, २०० अश्वशक्तीचं, गिअरवालं. वर ज्याच्या दातांबद्दल लिहिलं तेच. नंतरच्या काही डॉल्फिनमधून ते गिअर काढूनच टाकले, इतका त्यांनी त्रास दिला.

या विमानाचा वरचा पंख खालच्यापेक्षा मागे होता आणि मधोमध उघडी चौकट. वैमानिकाचं डोकं त्या चौकटीतून पंखाच्या वर येई. वरची सगळी दिशा मोकळी दिसायची. रेडिएटर नाकावर नव्हता, वैमानिकाच्या दोन्ही अंगांना, कॉकपिटच्या बाजूला एकेक बसवलेला. म्हणजे वेलिणकरांच्या उजव्या आणि डाव्या कोपरापासून थोड्याच अंतरावर ते गरम पाणी वाहत होतं. पुढे चार सिलिंडरांचे दोन ओतीव ठोकळे, एनॅमल लावलेले. समोर पाण्याचा काटा.

मी आजवर शेकडो ब्लॉक टाकीत बुडवून बघितले. ते कोणाच्या गाडीत जातात, आत कोण बसतं, असा विचार मनात आला नव्हता. परवा टेस्टिंगला उभा होतो तेव्हा आला.

आमियाँतून

मी इथे शिकायला आहे, आमियाँला. हँगार्ड इथून जवळच आहे, आग्नेयेला. शनिवारी सायकलने जाऊन येते. गिरगावची_लेक ताई, तुमच्या वतीने फुलं ठेवते. कोणती ठेवू ते सांगा, इथे शेवंती मिळते.

गिरगावची_लेक

शेवंतीच ठेव गं. पिवळी.